लॉकडाऊनमध्ये विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांना नेमकं काय उपयोगी पडलं?

शाईची_दौत

मंडळी, थोडी मदत हवी आहे.

आमच्या विद्यापीठाच्या आपत्ती आराखड्यात आग आहे, भूकंप आहे, पूर आहे, बॉम्बची अफवासुद्धा आहे. साथ नाही. २०२० होऊन गेलं तरी नाही. आता ते प्रकरण लिहायचं काम आस्थापना विभागाच्या, म्हणजे पर्यायाने माझ्या गळ्यात पडलं आहे. (कुठलं विद्यापीठ ते विचारू नका. पुण्यात विद्यापीठांना तोटा नाही, त्यातलं एक समजा.)

कच्चा मसुदा टेबलावर आलाय. त्यात ‘मनोबल उंचावण्यासाठी वेबिनारचे आयोजन’, ‘ऑनलाइन योगसत्र’, ‘सहभागींना ई-प्रमाणपत्र’ असं सगळं आहे. हे तेव्हाही झालं होतं. कोविड जनजागृती प्रश्नमंजूषेची रंगीत प्रमाणपत्रं माझ्या मेलमध्ये अजून पडून आहेत. त्यांनी कुणाचं काय भलं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकते, नंतर ‘धागाकर्तीचा अजेंडा’ वगैरे नको. ज्याचं नाव मस्टरवर होतं त्याला उशिरा का होईना, काही ना काही मिळालं. ज्याचं नाव ठेकेदाराच्या वहीत किंवा तासिकेच्या बिलात होतं, त्याला विचारणारं अधिकृतपणे कुणीच नव्हतं. त्याला जे मिळालं ते कुणा एखाद्याने स्वतःच्या जबाबदारीवर केलं म्हणून. ती माणसं काय करत होती ते मला गोळा करायचंय, म्हणजे पुढच्या वेळी ते कुणाच्या मर्जीवर राहणार नाही.

मी कागदपत्रांतली बाई. प्रयोगशाळा, वसतिगृह, बाग, गेट इथलं मला सगळं ऐकीव. तुम्ही किंवा घरातलं कुणी विद्यापीठात, कॉलेजात असेल तर लिहा. काय मिळालं, कुणी दिलं, वेळेवर मिळालं का.

पेठेतला_पेन्शनर

चांगला धागा. सुरुवात पगारापासून करा, बाकी सगळं नंतर.

राज्यातले पहिले रुग्ण सापडले ९ मार्च २०२० ला, तेही आपल्या पुण्यातच. २५ पासून देश बंद. आणि ३१ मार्चला राज्य सरकारने जाहीर केलं की मार्चचा पगार दोन टप्प्यांत मिळेल. पहिल्या टप्प्यात अ आणि ब वर्गाला निम्मा, क वर्गाला ७५ टक्के, ड वर्गाला पूर्ण. आमच्या कार्यालयात त्या दिवशी फोनवर फोन. कुणाचा गृहकर्जाचा हप्ता ५ तारखेला, कुणाचा ७ ला.

ड वर्गाला हात लावला नाही, हे सरकारच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. पण दौतताई, ड वर्गाचं काम करणारे किती जण तेव्हा प्रत्यक्षात ड वर्गात होते? शिपाई निवृत्त झाला की ती जागा भरायची नाही, ठेकेदाराकडून माणूस घ्यायचा, ही रीत किती वर्षं चालू आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शासन निर्णयात संरक्षण मिळालं ते पदाला. झाडू ज्याच्या हातात होता त्याला त्याचा काही उपयोग नाही.

तासिका_तत्त्व

वर पेन्शनरकाकांनी क वर्ग, ड वर्ग लिहिलं. आमचा वर्गच नाही. :)

सेट (प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा) झालेला, तासिका तत्त्वावर शिकवणारा मी. तास घेतला तर मानधन, तेही बिल मंजूर होऊन येईल तेव्हा. मार्चमध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा आधीच्या सहामाहीचंच बिल यायचं होतं. ऑनलाइन तास सुरू झाले आणि पहिला प्रश्न, हे तास धरायचे की नाही? कुणी सांगेना. कॉलेज म्हणे वरून पत्र नाही, वरचे म्हणत कॉलेजने कळवावं.

आमच्या विभागप्रमुख मॅडमनी एक केलं. रोज संध्याकाळी माझ्याकडून तीन गोष्टी मागवायच्या: मीटच्या उपस्थितीचा स्क्रीनशॉट, शिकवलेला घटक, सुरू-शेवटची वेळ. ते त्या घरी एका फुलस्केप वहीत तारीखवार लिहायच्या आणि खाली सही. तेव्हा मला ती कटकट वाटायची, कारण मी मावळात गावी होतो, रेंजसाठी टेकाडावर जायचं, वर हा हिशेब. जूनमध्ये निसर्ग वादळाने गावातले विजेचे खांब पाडले, त्या काळातही त्यांनी वहीत ‘वीजपुरवठा खंडित, तास पुढे ढकलला’ असं लिहून ठेवलं. दिवाळीच्या सुमारास बिलं तपासायला निघाली तेव्हा आमच्या विभागाची वही तयार होती, त्यामुळे आमचे तास कापले गेले नाहीत. शेजारच्या विभागातल्या मित्राचे गेले.

मधल्या काळात मी चुलतभावाबरोबर सोसायट्यांच्या गेटवर हापूसच्या पेट्या पोचवत होतो. कामाची लाज नाही. पण एका पेटीवर माझ्याच विद्यार्थिनीच्या आईची सही घेतली, तेव्हा मास्क होता ते बरं झालं.

मोगऱ्याची_वेणी

तासिका, तुमच्या मॅडमना नमस्कार सांगा.

माझ्या सासूबाई वसतिगृहात सफाईला होत्या, एजन्सीकडून. आम्ही तेव्हा बोपोडीला. पीएमपी बंद. अत्यावश्यक सेवेच्या बस होत्या, पण त्यात चढायला ओळखपत्र लागायचं आणि एजन्सीच्या ओळखपत्रावर फोटो असा पुसट की त्यात मी बसले असते तरी चाललं असतं. चौकात पोलीस परत पाठवायचे. त्यांचंही बरोबर.

वसतिगृहाच्या रेक्टर बाईंनी विद्यापीठाच्या लेटरहेडवर प्रत्येकीच्या नावाचं पत्र दिलं. नाव, काम, कामाची वेळ, कुठल्या रस्त्याने येणार, खाली गोल शिक्का आणि स्वतःचा मोबाईल नंबर. पोलिसांना सांगायच्या, खात्री करायची तर मला फोन करा. सासूबाईंनी ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवलेलं असायचं. त्या पत्राने जेवढं काम केलं तेवढं कुठल्याच योजनेने केलं नाही.

पुढे वसतिगृह विलगीकरणासाठी घेतलं. मग प्रश्न आला पीपीई किटचा. किट मिळाली, पण घालायची कशी, मुख्य म्हणजे काढायची कशी, हे कुणी सांगितलंच नाही. पहिल्या दिवशी सासूबाईंनी किट काढून बादलीत धुवून दोरीवर वाळत घातलं, कारण एवढं नवं कापड फेकायचं कसं? तिथल्या एका सिस्टरने ते पाहिलं आणि सगळ्या बायकांना बोलावून जिन्याखाली उभं करून शिकवलं. आधी हातमोजे, मग हात स्वच्छ, मग आतली बाजू बाहेर करत अंग, मास्क सगळ्यात शेवटी, आणि प्रत्येक टप्प्याला पुन्हा हात. घालताना नाही, काढताना लागण होते, हे त्या बाईने सांगितलं म्हणून आमच्या घरात सगळे वाचले असं मी आजही मानते.

उगाच_शंका

सगळं हृदयद्रावक आहे, पण दुसरी बाजू कुणी मांडणार का? खासगी नोकऱ्यांत लोकांचे पगार निम्मे झाले, कित्येक घरी बसले. विद्यापीठात काय, ५ टक्के उपस्थिती आणि बाकीच्यांना घरबसल्या पूर्ण पगार. त्यांना आणखी कसला आधार हवा होता? माझा शेजारी तेव्हा गच्चीत पतंग उडवत होता.

पेठेतला_पेन्शनर

शंकासाहेब, तुमचा शेजारी पतंग उडवत असेल. त्याच विद्यापीठातला पाणीपुरवठ्याचा ऑपरेटर रोज पहाटे व्हॉल्व्ह उघडत होता, म्हणून आवारातल्या क्वार्टर्समध्ये पाणी येत होतं. दोघे एकाच मस्टरवर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे: आधार सरसकट द्यायचा नसतो, कामावर येणाऱ्याला वेगळा आणि घरी बसलेल्याला वेगळा. आमच्याकडे नेमकं हेच कुणी केलं नाही. येणाऱ्याला साधा प्रवासखर्चही नव्हता.

उणे_ऐंशी

नेहमी वाचनमात्र असतो, पण हा धागा पाहून खाते उघडलं.

मी जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. लोकांना वाटतं विद्यापीठ बंद म्हणजे कुलूप लावलं की झालं. उणे ८० अंशांचे फ्रीझर बंद करता येत नाहीत. पेशींचे नमुने द्रवरूप नायट्रोजनमध्ये असतात आणि तो नायट्रोजन रोज थोडा थोडा उडून जातो, टाकी भरत राहावी लागते. प्राणिगृहातल्या उंदरांना लॉकडाऊन कळत नाही, त्यांना रोज दाणापाणी लागतं. कित्येकांची पाच-सात वर्षांची कामं त्या डब्यांत होती.

आम्हाला पास मिळाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण आधी गर्दीत काम करायचो आणि आता अख्ख्या इमारतीत मी एकटा. द्रवरूप नायट्रोजनचं एक वाईट असतं. बंद खोलीत सांडला की हवेतला प्राणवायू बाजूला सारतो. वास नाही, रंग नाही, माणूस खाली पडतो तेव्हाच कळतं. एरवी नियम आहे की ते काम दोघांनी करायचं. दुसरा आणणार कुठून?

तोडगा गेटवरच्या रखवालदाराने काढला. तो म्हणाला, सर, आत जाताना मला मिस्ड कॉल द्या, बाहेर आलात की परत द्या. अर्ध्या तासात दुसरा आला नाही तर मी वर येतो, पण खोलीत शिरत नाही, दार उघडून लांब उभा राहतो आणि तुमच्या सरांना फोन करतो. त्याने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून पुढच्या पाळीवाल्यालाही समजावलं. सुरक्षा समितीच्या कुठल्याही परिपत्रकात हे नव्हतं. हा माणूस अर्थातच एजन्सीचा.

दौतताई, आराखड्यात ‘एकट्याने काम करणाऱ्यांची नोंद’ असा एक मुद्दा घाला.

शाईची_दौत

उणे_ऐंशी, घालते. जवळजवळ तुमच्याच शब्दांत.

हिशेबनीस

वित्त विभागात होतो, त्यामुळे ठेकेदाराच्या भानगडीचं मी लिहितो. जरा लांबेल.

कायद्याचं आधी. २० मार्च २०२० ला केंद्रीय श्रम मंत्रालयाने मालकांना सल्ला दिला की कुणाला काढू नका, पगार कापू नका, विशेषतः हंगामी आणि कंत्राटी लोकांचा. तो सल्ला होता. २९ मार्चला गृह मंत्रालयाचा आदेश आला, लॉकडाऊनच्या काळातला पगार पूर्ण द्यायचा. तो १८ मे पासून मागे घेतला गेला. म्हणजे त्यानंतर कंत्राटी माणसाच्या बाजूने उरला तो जुना कायदा. तेव्हा लागू असलेल्या १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१ मध्ये स्वच्छ लिहिलेलं होतं, ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर मुख्य मालकाने तो द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा. मुख्य मालक म्हणजे आपण, विद्यापीठ. हे कलम माहीत असलेले लोक आमच्या मजल्यावर कमी नव्हते. वापरायची वेळ आली की सगळे खिडकीबाहेर बघायचे.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. ठेकेदाराचं बिल काढताना आम्ही मागच्या महिन्याच्या पगाराचा बँकेचा पुरावा आणि पीएफ-ईएसआयची (भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विमा) चलनं मागतो. नियम चांगला आहे, कामगाराच्या भल्यासाठीच केलेला. एप्रिलमध्ये तोच उलटला. ठेकेदाराचं ऑफिस साथीमुळे पत्रे ठोकून बंद केलेल्या पेठेत, त्याचा कारकून अडकलेला, चलनं निघेनात. चलन नाही म्हणून बिल नाही, बिल नाही म्हणून पगार नाही. ठेकेदार हात वर करून मोकळा, आम्ही नियमावर बोट ठेवून मोकळे, आणि बाई बोपोडीहून चालत येतेय.

आमच्या साहेबांनी टिपणी लिहिली. बिलातला मजुरीचा भाग वेगळा काढायचा, तो हजेरीवरून लगेच द्यायचा, ठेकेदाराचा नफा आणि सेवाशुल्क चलनं येईपर्यंत रोखायचं. पगार आधी, कागद मागाहून. मजुरी खात्यात पडल्याचे मेसेज ठेकेदाराने नाही, तर पर्यवेक्षकाने प्रत्येक कामगाराच्या फोनवर पाहून कळवायचे. टिपणीवर चार सह्या हव्या होत्या आणि चार जण चार ठिकाणी. ड्रायव्हरने ती नस्ती (फाईल) औंध, पाषाण, वारजे अशी फिरवून एका दिवसात आणली. लेखापरीक्षणात नंतर आक्षेप निघालाच, पण त्याला उत्तर देता आलं.

मोगऱ्याची_वेणी

हिशेबनीस, म्हणजे सासूबाईंचा एप्रिलचा पगार मेमध्ये लवकर पडला तो यामुळे का काय! आम्हाला वाटलं एजन्सीवाल्याला सुबुद्धी झाली.

कुंडीतला_कढीपत्ता

आमच्याकडे शिक्षकांच्या ग्रुपने धान्याची किट वाटली होती. पाच किलो तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहापूड, मीठ, तिखट, साबण. आवारात राहणारे रखवालदार बहुतेक मराठवाड्यातले, काही बिहारचे. कॅन्टीन बंद, खानावळी बंद. त्यांना आधी शिजवलेलं लागत होतं, कारण खोलीवर गॅसच नव्हता. क्वार्टर्समधल्या बायकांनी पाळ्या लावून पोळीभाजी दिली. किट नंतर.

तासिका_तत्त्व

किटबद्दल माझं मत वेगळं आहे. उपाशी माणसाला अन्न द्यायलाच हवं, त्यात वाद नाही. पण आमच्या कॉलेजात किट घेताना फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. त्यात एक आमच्यातलाच तासिकावाला होता. दुसऱ्या वर्षीच्या मुलांच्या ग्रुपपर्यंत तो फोटो गेला. त्याचं थकलेलं मानधन दिलं असतं तर त्याने स्वतः जाऊन तांदूळ आणला असता.

कुंडीतला_कढीपत्ता

फोटो आमच्याकडे काढले नाहीत. पण मानधन देणं माझ्या हातात नव्हतं, तांदूळ देणं होतं. म्हणून तांदूळ दिला. वाटणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे.

तासिका_तत्त्व

तुम्हाला नाही म्हणत हो ताई. ज्यांच्या हातात मानधन होतं, तेच किट देऊन फोटोत उभे होते, त्यांना म्हणतोय.

कुंडीतला_कढीपत्ता

मग सहमत.

पतसंस्था_संचालक

सेवकांच्या पतसंस्थेबद्दल अजून कुणी कसं लिहिलं नाही? रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्त्यांना तीन महिन्यांची मुभा दिली, पुढे ती ऑगस्टअखेर वाढवली. टीव्हीवर ते ऐकून आमच्याकडे फोन सुरू झाले, आमचा हप्ता थांबवा. पण पगारदारांच्या पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, ती मुभा आम्हाला आपोआप लागू नव्हती. आणि आमचा हप्ता थेट पगारातून कापला जातो. म्हणजे मार्चचा अर्धा पगार आणि त्यातून पूर्ण हप्ता, अशी वेळ आली काहींवर.

संचालक मंडळाने फोनवरच ठरवलं की वित्त विभागाला त्या महिन्याची कपातीची यादीच पाठवायची नाही. दुसरं म्हणजे आकस्मिक कर्ज. त्याला दोन जामीनदारांच्या सह्या लागतात. जामीनदार एक धनकवडीला, एक दापोडीला, मधे नाकाबंदी. अर्जाच्या फोटोखाली ‘मी जामीन आहे’ असं जामीनदाराने स्वतःच्या आवाजात सभासद क्रमांकासह बोलून व्हॉट्सअॅपवर पाठवायचं आणि प्रत्यक्ष सही लॉकडाऊन उघडल्यावर करायची, असं केलं. एकही जामीनदार नंतर फिरला नाही. यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही, पण त्या रकमांतून लोकांनी औषधं आणली आणि मुलाला शिकायला फोन घेतला.

डी_सेक्शन

पीएफचंही लिहा. २८ मार्चला सरकारने परतफेड नसलेली उचल दिली होती: शिल्लकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, जे कमी असेल ते. एजन्सीच्या पोरांना हे माहीतच नव्हतं. माहीत झालं तर जन्मतारीख जुळायची नाही. आधारवर एक, पीएफला एक. एप्रिलमध्ये ईपीएफओने (पीएफ सांभाळणारी केंद्राची संघटना) तीन वर्षांपेक्षा कमी फरक असेल तर आधार ग्राह्य धरायला सुरुवात केली, मग बऱ्याच जणांचं जमलं. आमच्या विभागातल्या एका कनिष्ठ लिपिकाने गेटजवळच्या बाकावर बसून रखवालदारांचे अर्ज त्यांच्याच फोनवरून भरून दिले. एकेकाला बोलवायचा, बाकीचे लांब झाडाखाली. ओटीपी आला की ओरडून सांगायचा नाही, चिठ्ठीवर लिहून द्यायचा, हा त्याचा नियम. :)

हे काम खरं तर विद्यापीठाने नेमून द्यायला हवं. ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ म्हणजे निम्म्या लोकांना ती उपलब्ध नाही. आमची परिपत्रकं पीडीएफ, तीही इंग्रजीत. एका माळीकाकांना व्हॉट्सअॅपवर फक्त आवाजी निरोप ऐकता यायचे. उद्यान विभागाच्या पर्यवेक्षकाने मग रोज रात्री आठला मराठीत एक निरोप बोलून टाकायला सुरुवात केली: उद्या कोण येणार, कुठल्या गेटने, पास कुणाचा संपतोय. बातम्या नाहीत, सुविचार नाहीत.

मनमोकळी

समुपदेशक आहे, त्यामुळे वेबिनारची थट्टा थोडी मलाही लागली, पण योग्य आहे.

एप्रिल २०२० मध्ये यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोग) विद्यापीठांना मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन सुरू करायला सांगितलं होतं. बहुतेक ठिकाणी ती सुरूही झाली. विद्यार्थ्यांचे फोन आले, कर्मचाऱ्यांचे जवळजवळ नाहीत. कारण सोपं होतं. हेल्पलाइनवर बसलेली व्यक्ती त्याच विद्यापीठातली. उद्या कॅन्टीनमध्ये समोर येणाऱ्या बाईला कोण सांगेल की मी रात्री रडतो? आम्ही दुसऱ्या संस्थेशी अदलाबदल केली, त्यांचे लोक आमच्या कर्मचाऱ्यांशी बोलणार आणि आम्ही त्यांच्या. त्यानंतर फोन यायला लागले.

दुसरं, वाट बघण्यापेक्षा आपण फोन लावायचा. आणि ‘ताण आहे का’ असं विचारायचं नाही, उत्तर ‘नाही’ असंच येतं. झोप कशी आहे, जेवण जातंय का, घरात किती जण एका खोलीत आहात, हे विचारलं की माणूस बोलतो. एक गृहस्थ सगळं ठीक म्हणाले आणि मग म्हणाले, फक्त बाहेर पत्रा वाजला की छातीत धडधडतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाला पत्रे होते, वाऱ्याने रात्रभर वाजायचे.

परीक्षेची_पाळी

आता आमचीही ऐका. सगळे मार्च-एप्रिलचं बोलताय, परीक्षा विभागाचा खरा लॉकडाऊन ऑक्टोबरमध्ये होता.

परीक्षा होणार, नाही होणार, यातच उन्हाळा गेला. यूजीसीचं ६ जुलैचं पत्र, राज्याचा विरोध, मग कोर्ट. मध्ये १४ ते २३ जुलै पुण्यात पुन्हा कडक लॉकडाऊन, पहिले पाच दिवस तर दूध आणि औषधं सोडून काहीच नाही. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल. तिथून ऑक्टोबरपर्यंत बहुपर्यायी प्रश्नसंच, लॉगिन, सराव चाचणी, सगळं उभं करायचं होतं.

आमच्यातल्या एकीचा खासगी नंबर कुणीतरी ‘परीक्षा मदत’ म्हणून विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकला. रात्री दोनला फोन, ‘मॅडम, स्क्रीन पांढरी झाली.’ मुलं रडायची, पालक ओरडायचे. तिच्या घरी सासरे ऑक्सिजनवर. तिने सांगितलं नव्हतं, आम्हाला नंतर कळलं. उपकुलसचिवांनी मग वेगळी सिम घेतली, चार साधे फोन घेतले, पाळ्या लावल्या आणि स्वतःचं नाव पहिल्या पाळीला लिहिलं. रात्री दहाला फोन बंद. बंद म्हणजे बंद. खासगी नंबरवर फोन आला तर उचलायचा नाही, हे लेखी दिलं. ते लेखी महत्त्वाचं, कारण नंतर तक्रार आलीच: ‘अमुक कर्मचारी फोन उचलत नाही.’ तिने पत्र दाखवलं.

उगाच_शंका

हे चांगलं केलं. मान्य.

डी_सेक्शन

शंकासाहेबांकडून ‘मान्य’! धाग्याची खूण साठवून ठेवतो.

शाईची_दौत

दुसऱ्या लाटेबद्दल मीच लिहिते, कारण ती माझ्या टेबलावरून गेली.

एप्रिल-मे २०२१. बेड, ऑक्सिजन, रेमडेसिविर यासाठीची धावपळ सगळ्यांना आठवत असेल, ती परत लिहीत नाही. आमच्या विभागात यायचं ते त्याच्या पुढचं. कर्मचारी गेला की घरच्यांचा फोन यायचा, काय कागद लागतात? सेवापुस्तक काढलं की नामनिर्देशनाचं पान उघडायचं. एका पुस्तकात लग्नाआधी भरलेलं आईचं नाव. आई केव्हाच वारलेली, बायको आणि दोन मुलं समोर उभी. एकात पान कोरंच. वारस दाखला काढायचा तर न्यायालयं मर्यादित सुरू. पैसे मंजूर असून देता येत नाहीत, हे त्या बाईला फोनवर कसं सांगायचं?

आमच्या सेवापुस्तकं सांभाळणाऱ्या लिपिकाने पहिल्या लाटेनंतर स्वतःहून काम काढलं होतं. जो कर्मचारी कामाला येईल त्याला दारातच थांबवून नामनिर्देशन तपासायचं. लोक चिडायचे. ‘आम्ही मरायची वाट बघताय का?’ असं एकाने तोंडावर विचारलं. तो शांतपणे फॉर्म पुढे सरकवायचा. पेठा आणि सिंहगड रस्त्याकडचे सगळे झाले, मग त्यालाच लागण झाली आणि काम थांबलं. तो बरा झाला, सुदैवाने. ज्या घरांचे फॉर्म झाले होते त्यांची प्रकरणं महिन्याभरात निघाली. बाकीची काही अजून रेंगाळत आहेत.

एजन्सीच्या माणसांचं तर आमच्याकडे पुस्तकच नसतं. पीएफ असेल तर विम्याची रक्कम मिळते, २०२१ मध्ये तिची कमाल मर्यादा ७ लाख झाली. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोविड मृत्यूसाठी ५० हजारांचं सानुग्रह अनुदान मिळायचं. पण त्यासाठी अर्ज करायचा हे त्या घरी जाऊन सांगणार कोण? एजन्सीने सांगितलं नाही. आम्ही म्हटलं, आमचा कर्मचारी नाही.

मनमोकळी

दौतताई, हे सगळं मसुद्यात अनुभव म्हणून नका घालू. अनुभव म्हणून घातलं की परिशिष्टात जातं.

शाईची_दौत

नाही घालत. कलमं करतेय. आत्तापर्यंतची अशी:

आपत्ती जाहीर झाल्याच्या दिवशी आस्थापना विभाग एकच यादी करेल, तीत कायम, तासिका, रोजंदारी आणि एजन्सीचे सगळे, फोन नंबर, राहण्याचा भाग आणि घरच्या एका व्यक्तीचा नंबर यांसह. ओळखपत्र विद्यापीठाचं, एजन्सीचं नाही. बिलातली मजुरी हजेरीवरून आधी, बाकी रक्कम चलनं आल्यावर. ऑनलाइन घेतलेला तास हा तास, विभागप्रमुखाच्या नोंदवहीवरून. कामावर येणाऱ्याला प्रवास आणि जेवण. विलगीकरणाच्या जागी काम देण्याआधी किट घालण्या-काढण्याचं प्रशिक्षण. एकट्याने काम करणाऱ्यांची नोंद गेटवर. सूचना मराठीत, आवाजी. नामनिर्देशन दर वर्षी जुलैत तपासायचं, साथ असो-नसो.

पेठेतला_पेन्शनर

उत्तम. पण ‘करता येईल’, ‘प्रयत्न करण्यात येईल’ असलं एकही क्रियापद ठेवू नका. प्रत्येक कलमापुढे पदनाम लिहा. ‘विद्यापीठ करेल’ म्हणजे कुणी करणार नाही.

उगाच_शंका

मजुरी आधी देण्याचं कलम लेखापरीक्षक उडवून लावतील. आणि मध्येच ठेकेदार बदलला तर? नवा म्हणेल जुन्याची देणी माझी नाहीत, जुना फोन उचलणार नाही.

हिशेबनीस

शंका रास्त आहे. दोन गोष्टी करता येतील. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात कुलगुरूंना तातडीच्या प्रसंगी निर्णय घेऊन नंतर संबंधित प्राधिकरणापुढे ठेवता येतो. त्याची वाट न बघता हा आराखडाच व्यवस्थापन परिषदेकडून आधी मंजूर करून घ्या, म्हणजे ऐनवेळी टिपणी घेऊन कुणाला औंध-पाषाण फिरावं लागणार नाही आणि लेखापरीक्षणाला दाखवायला ठराव क्रमांक असेल. दुसरं, थकलेली मजुरी ठेकेदाराच्या सुरक्षा अनामतीतून परस्पर देता येईल अशी अट निविदेतच हवी. नंतर करारात घुसवता येत नाही.

शाईची_दौत

सफाईची निविदा पुढच्या महिन्यात निघतेय. म्हणजे आत्ताच घालावी लागेल.

हिशेबनीस

मग जुन्या निविदेचा नमुना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. अनामतीचं कलम कसं आहे ते बघतो आणि शुक्रवारच्या आत सुधारून पाठवतो. अनामत किती महिन्यांच्या मजुरीइतकी ठेवलीय तेही कळवा. एका महिन्याची असेल तर वाढवायला लागेल.